पुसणे आणि सोडणे

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी जुन्या पेठांमधल्या दुकानांत चौरंगावर आता दोन गोष्टी शेजारी शेजारी दिसतात. एक लाल कापडी बांधणीची कोरी खतावणी. पहिल्या पानावर कुंकवाने काढलेले ‘श्री’, वर सुपारी आणि नाणे. दुसरा लॅपटॉप, त्याच्या झाकणावरही कुंकवाचे बोट. पूजा दोघांची होते, लिहिले मात्र एकातच जाते. प्राप्तिकरासाठी १ एप्रिल ते ३१ मार्च हे एकच वर्ष १९८९ पासून सर्वांना लागू झाले, तेव्हा दिवाळीच्या वहीचे व्यवहारातले काम कमी झाले. संगणक आला आणि उरलेलेही गेले. तरी वही आणली जाते, मुहूर्त पाहून आणली जाते.

या पूजेत लक्ष्मीइतकाच मान नोंदीला आहे. घडले ते जसेच्या तसे लिहावे आणि लिहिल्यावर त्याला हात लावू नये, हे व्यापाऱ्याचे पहिले व्रत. पण धर्माने त्याच व्यापाऱ्याला आणखी एक गोष्ट सांगून ठेवली आहे: अडलेल्याचे येणे सोडून द्यावे. ही दोन्ही व्रते एकाच हाताने पाळायची कशी? वही पक्की ठेवायची तर माफी बसवायची कुठे? आणि माफी दिली तर वही खोटी पडत नाही का? प्रश्न जुना आहे. छोट्या दुकानाच्या हिशोबात तो आजही दर मार्चअखेरीला उभा राहतो.

कायद्याने आपले म्हणणे स्वच्छ सांगितले आहे. जीएसटीच्या नियमावलीत ५६व्या नियमाचा आठवा पोटनियम आहे. त्यानुसार हिशोबातली कुठलीही नोंद खोडरबराने घालवायची नाही, तिच्यावर दुसरे अक्षर गिरवायचे नाही. चूक असेल तर ती वाचता येईल अशी रेघ मारून सही करायची आणि मग बरोबर नोंद लिहायची. हिशोब संगणकावर असेल तर बदललेल्या आणि काढून टाकलेल्या प्रत्येक नोंदीचा माग ठेवायचा. कंपन्यांसाठी नियम याहून कडक आहे. प्रत्येक व्यवहारातला प्रत्येक बदल तारखेसह टिपणारे आणि हे टिपणे बंद करता न येणारे सॉफ्टवेअरच त्यांनी वापरायचे, अशी तरतूद २०२१ साली झाली. ती दोनदा पुढे ढकलली गेली आणि १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली.

हा बदल किती मोठा आहे हे जुन्या मुनीमांना विचारावे. बंगळूरच्या श्यामसुंदर गोयंका आणि त्यांचे चिरंजीव भरत गोयंका यांनी १९८६ साली सुरू केलेल्या उद्योगातून ‘टॅली’ पुढे आले आणि देशभरच्या दुकानांत पोचले. त्यात मागच्या तारखेची नोंद उघडून बदलणे सोपे होते. कागदाच्या वहीत खाडाखोड दिसायची. पडद्यावर ती दिसेनाशी झाली. आता बदलांचा माग ठेवणारा ‘एडिट लॉग’ आला, तेव्हा पडद्याला कागदाची स्मृती परत मिळाली एवढेच.

*

नोंदीच्या बाजूने मराठी माणसाच्या मनात पहिली उभी राहते ती नाथांची कथा. देवगिरीच्या किल्ल्यावर आपले गुरू जनार्दनस्वामी यांच्या घरी एकनाथ हिशोब पाहत. एकदा एका पैचा मेळ बसेना. रात्र उलटत गेली, दिव्यातले तेल संपत आले. चूक सापडली तेव्हा एकनाथांनी आनंदाने टाळी वाजवली. आवाजाने स्वामी जागे झाले. एका पैसाठी एवढे चित्त लागते, ते परमेश्वराकडे लावलेस तर काय होईल, असे ते म्हणाल्याचे परंपरा सांगते.

कीर्तनात या कथेचा रोख बहुधा परमार्थाकडे वळतो आणि पै मागे पडते. पण गुरूंनी पै शोधणे व्यर्थ ठरवलेले नाही. एकनाथांची पारख त्यांनी त्या पैवरूनच केली. पै तेवढीच होती, ती गेली असती तरी किल्ल्याचे काही अडणार नव्हते. एकनाथांना टोचत होते ते नुकसान नव्हे, विसंगती. जमा आणि नावे जुळत नाहीत याचा अर्थ घडलेले आणि लिहिलेले यांत फट आहे, आणि ती फट उघडी ठेवून त्यांना झोप येईना.

आजच्या दुकानात ती पै शोधायची जागा म्हणजे बँकेचा मेळ. बँकेच्या उताऱ्याशी पुस्तकातली प्रत्येक नोंद दर आठवड्याला ताडून पाहिली, तर वर्षअखेरीच्या निम्म्या चुका जन्मालाच येत नाहीत. महिना जुळला की तो कुलूपबंद करावा. हिशोबाच्या अनेक सॉफ्टवेअरमध्ये ठरावीक तारखेआधीच्या नोंदींना हात लावता येऊ नये अशी सोय असते, पण फार थोडी दुकाने ती वापरतात. प्रत्येक कामगाराला वेगळे नाव आणि वेगळा पासवर्ड द्यावा. सगळे एकाच नावाने आत जात असतील तर एडिट लॉग बदल दाखवील, बदलणारा दाखवणार नाही. आणि चुकलेले बिल डिलीट करू नये, रद्द करावे. टॅलीत ऑल्टबरोबर डी दाबले की बिल जाते. ऑल्टबरोबर एक्स दाबले तर रक्कम जाते, पण बिलाचा क्रमांक ‘रद्द’ असा उभा राहतो. दोन कळांमधला हा फरक नीट पाहण्यासारखा आहे. पहिली कळ म्हणते, हे घडलेच नाही. दुसरी म्हणते, घडले होते, चुकले होते, मागे घेतले.

धर्मशास्त्रही दुसऱ्या कळेच्या बाजूने आहे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापातून सुटण्याचे उपाय सांगताना पहिले नाव येते ते ‘ख्यापन’, म्हणजे केलेले बोलून दाखवणे. अनुताप, तप, अध्ययन, दान हे त्यानंतर. प्रायश्चित्ताला सुरुवात करण्याआधी कृत्य उघड झाले पाहिजे. उलटी नोंद करताना ‘नॅरेशन’च्या चौकटीत कारण लिहिणे हे त्याच वळणाचे काम आहे. ती चौकट बहुतेक पुस्तकांत रिकामी असते.

उचंत खात्याबद्दलही इथेच बोलायला हवे. बँकेत रक्कम आली, कोणाची ते कळत नाही. किंवा पैसे गेले, कशासाठी ते आठवत नाही. अशा वेळी घाईने एखाद्या खात्यावर ती टाकून देण्याचा मोह होतो. जुन्या कारकुनांनी यासाठी उचंत खाते ठेवले. ‘हे मला ठाऊक नाही’ असे लिहिण्याची जागा. अज्ञानालाही नोंदीचा मान देणारी ही योजना हिशोबशास्त्रातली फार प्रामाणिक योजना आहे. अट एकच, महिन्याच्या शेवटी ते खाते शून्यावर आणायचे. वर्षानुवर्षे साचलेले उचंत हे अज्ञान राहत नाही, ती टाळाटाळ होते.

*

आता दुसरी बाजू, आणि ती देहूची आहे.

तुकोबांच्या घरी महाजनकी होती. वडील बोल्होबांनी दिलेल्या कर्जांची खते घरात होती. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळाने घर उद्ध्वस्त केले, पहिली पत्नी गेली, दुकान बसले. पुढे तुकोबांनी ती खते इंद्रायणीत बुडवली. त्याच नदीत नंतर त्यांच्या अभंगांच्या वह्या बुडवाव्या लागल्या आणि त्या तरून वर आल्या, अशी वारकऱ्यांची श्रद्धा आहे. कर्जखते वर आली असे कोणी म्हणत नाही.

वरवर पाहता नाथ आणि तुकोबा इथे समोरासमोर उभे आहेत. एकाने पै सोडली नाही, दुसऱ्याने सगळेच पाण्यात टाकले. पण तुकोबांच्या चरित्रातला एक तपशील फार मोलाचा आहे. धाकटे बंधू कान्होबा यांचा खतांमधला अर्धा वाटा त्यांनी आधी वेगळा काढून दिला आणि बुडवला तो फक्त स्वतःचा अर्धा. म्हणजे सोडण्याआधी वाटणी झाली, आणि वाटणी व्हायची तर कोणाकडून किती येणे आहे हे पक्के ठाऊक असायला हवे. ज्याची वही ढिसाळ आहे त्याला आपला अर्धा कुठे संपतो आणि भावाचा कुठे सुरू होतो हे कळणार नाही. तो सोडायला गेला तर दुसऱ्याचे सोडून बसेल. देहूच्या त्यागाला देवगिरीच्या पैची गरज होती.

तुकोबांनी खतांवरचे आकडे खोडून कमी केले नाहीत. ‘कर्ज दिलेच नव्हते’ असा कागदही केला नाही. नोंद पुसणे आणि येणे सोडणे ही दोन वेगळी कृत्ये आहेत, आणि या विषयातला बहुतेक गोंधळ त्यांना एक मानल्याने होतो. पुसणारा भूतकाळाला हात घालतो. सोडणारा भूतकाळ तसाच ठेवून आपल्या हक्काला हात घालतो.

इतर धर्मांनीही ही दोन्ही कृत्ये शेजारी ठेवलेली दिसतात. कुराणातली सर्वांत मोठी आयत दुसऱ्या सुऱ्यातली २८२वी, आणि तिचा विषय आहे कर्जाचा लेख: मुदतीचा व्यवहार लिहून ठेवा, लहान असो वा मोठा, साक्षीदार ठेवा. तिच्या दोनच आयती आधी सांगितले आहे की ऋणको अडचणीत असेल तर त्याला सवड द्यावी, आणि सोडून दिले तर ते अधिक चांगले. ज्यूंच्या धर्मशास्त्रात दर सातव्या वर्षी कर्जे सोडण्याची आज्ञा होती. परिणाम असा होऊ लागला की सातवे वर्ष जवळ आले की गरिबांना कोणी कर्जच देईना. तेव्हा हिल्लेल या धर्मगुरूंनी ‘प्रोझबुल’ नावाचा लेख काढला, ज्याने कर्ज न्यायालयाच्या हवाली होऊन ते सातव्या वर्षी आपोआप सुटत नसे. दयेची सक्ती झाली की दयेचा झरा आटतो, हे त्यांना दिसले. महाराष्ट्रातल्या जैन व्यापाऱ्यांच्या घरी क्षमापनेचा दिवस भाद्रपदात येतो आणि वहीपूजन आश्विनात. आधी माणसांशी मेळ, मग आकड्यांशी. हा क्रम पंचांगाने ठरवला असला तरी त्याला शहाणपणाचा वास आहे.

*

नोंदीची थोरवी गाताना एक गोष्ट विसरून चालणार नाही. वही कोणाच्या हातात आहे?

१२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी बाजाराच्या दिवशी शेतकऱ्यांनी सावकारांच्या घरांवर चाल केली. त्यांना हवे होते ते दस्तऐवज. वह्या आणि कर्जखते रस्त्यावर आणून जाळली गेली. उठाव पुणे आणि नगर जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांत पसरला. सरकारने नेमलेल्या आयोगाला आढळले की जिथे सावकारांनी खते मुकाट्याने काढून दिली तिथे सहसा मारहाण झाली नाही. त्या शेतकऱ्यांना अर्थातच सोडता येण्यासारखे काही नव्हते. हक्क सावकाराचा होता, त्यांच्या हाती पुसणे तेवढे होते. पण पुसण्याची पाळी त्यांच्यावर का आली? लिहिणारा एकच होता, वाचणाराही तोच. ज्याच्या नावावर कर्ज चढत होते त्याला आपले खाते दिसत नव्हते. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने न्यायालयांना खताच्या मागे जाऊन मूळ व्यवहार तपासायची मुभा दिली आणि ऋणकोला पावतीचा हक्क दिला. जळलेल्या कागदांना सरकारने दिलेले हे उत्तर योग्य दिशेचे होते.

यंत्राने हा प्रश्न सुटतो असे वाटते, पण ब्रिटनच्या टपाल खात्याचे उदाहरण ताजे आहे. तिथे १९९९ पासून ‘होरायझन’ ही फुजित्सू कंपनीची हिशोबप्रणाली बसवली गेली. छोटी टपाल कार्यालये चालवणाऱ्या माणसांच्या पडद्यावर न समजणाऱ्या तुटी दिसू लागल्या. त्यांनी स्वतःच्या खिशातून भरणा केला, घरे गहाण टाकली, आणि तरी २०१५ पर्यंत ९०० हून अधिक जण चोरी, खोटे हिशोब अशा आरोपांवरून दोषी ठरले. त्यांत भारतीय वंशाची कुटुंबेही होती. संगणक बरोबरच चालतो असे इंग्रजी कायदा गृहीत धरत होता. २०१९ च्या निकालात न्यायालयाने मान्य केले की प्रणालीत दोष होते आणि कार्यालय चालवणाऱ्याला न कळता दुरून त्याच्या खात्यात बदल करता येत होता. शेवटी २०२४ साली कायदा करून शिक्षा रद्द कराव्या लागल्या.

चित्रगुप्ताच्या वहीवर माणसाने विश्वास ठेवला, कारण ती लिहिणाऱ्याला काही मिळवायचे नव्हते. माणसाच्या वहीला, मग ती कागदाची असो वा यंत्राची, तो विश्वास फुकट मिळू नये. म्हणून दुकानदाराने उधारीच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला त्याचा खातेउतारा ठरावीक दिवशी पाठवावा आणि ‘बरोबर आहे’ असे उत्तर मागावे. मोबाइलवर हे काम दोन मिनिटांचे आहे. वसुलीची आठवण करून देणारे संदेश सगळेच पाठवतात. त्यासोबत पूर्ण उतारा पाठवणारे थोडे. आठवणीत धाक असतो, उताऱ्यात समोरच्याला बोलायला जागा असते. आणि गिऱ्हाइकाने चूक दाखवली तर ती उलट्या नोंदीने, कारण लिहून, दुरुस्त करावी.

*

मग सोडण्याची नोंद करायची कशी? इथे कायदाही अनपेक्षितपणे तत्त्वचिंतक होतो.

उधारीच्या वसुलीचा दावा साधारण तीन वर्षांत लावावा लागतो. मुदत गेली की न्यायालयाचे दार बंद होते. पण देणे संपत नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९५८ साली बॉम्बे डाइंगच्या प्रकरणात हे स्पष्ट केले: मुदतीचा कायदा उपाय काढून घेतो, ऋण नव्हे. मुदतबाह्य देणे फेडण्याचे लेखी वचन ऋणकोने दिले तर करार कायदा ते आजही मानतो. न्यायालयाची सत्ता संपली तरी ऋण उरते. मराठीत ‘ऋणानुबंध’ या शब्दाने जे सांगितले जाते त्याच्या फार जवळचे हे आहे.

प्राप्तिकराच्या बाबतीत २०१० साली टीआरएफ लिमिटेडच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की १९८९ नंतरच्या कायद्यात येणे खरोखर बुडाले हे व्यापाऱ्याने सिद्ध करण्याची गरज नाही. त्याने आपल्या पुस्तकात ते बुडीत म्हणून लिहिले की पुरे. पुढे पैसे आलेच तर ते उत्पन्न धरायचे. म्हणजे बुडण्याचा क्षण बाहेरच्या जगात शोधायचा नाही. व्यापाऱ्याने आशा सोडली आणि तसे लिहिले, तोच तो क्षण.

मात्र आशा सोडणे आणि हक्क सोडणे यांत फरक आहे, आणि सॉफ्टवेअरची एक साधी जर्नल नोंद तो लपवून टाकते. समजा दोन भावांचे भागीदारीतले हार्डवेअरचे दुकान आहे. एका गिऱ्हाइकाकडून १०,००० रुपयांच्या मालाचे १८ टक्के जीएसटीसह ११,८०० रुपये यायचे आहेत. तो परागंदा झाला असेल तर ‘बुडीत येणी’ नावे आणि गिऱ्हाइकाचे खाते जमा, अशी नोंद योग्य. तोटा दोघांचा, नफ्यातून वजा होतो. सरकारला भरलेले १,८०० रुपये बुडीत म्हणून परत मिळत नाहीत, तेही दोघे सोसतात.

पण गिऱ्हाईक गावातच आहे, हप्त्याने का होईना देऊ शकेल, आणि थोरल्या भावाला त्याच्या घरातले आजारपण ठाऊक असल्याने पैसे घ्यायचे नाहीत. आता तीच नोंद केली तर थोरल्याची दया धाकट्याच्या नफ्यातून जाते, आणि करातून वजावट मागितली तर थोडी सरकारी तिजोरीतूनही. नोंद तांत्रिकदृष्ट्या जुळेल, तेरीज बसेल, एडिट लॉग काही बोलणार नाही. तरी ती खरी नाही, कारण येणे बुडालेले नाही. ते एका माणसाने सोडले आहे.

यासाठी दुसरे खाते आधीच तयार आहे. द्विनोंदी पद्धतीत मालक दुकानाहून वेगळा असतो. त्याचे भांडवल ताळेबंदात दुकानाच्या देण्यांच्या बाजूला लिहिले जाते, जणू तोही एक धनकोच. घरखर्चाची उचल जशी त्याच्या भांडवलावर पडते तशी ही माफीही पडू शकते. थोरल्या भावाचे भांडवल खाते ११,८०० रुपयांनी नावे, गिऱ्हाइकाचे खाते तेवढ्याने जमा. नफा जसाच्या तसा, धाकट्याचा वाटा जसाच्या तसा, कर जसाच्या तसा. गिऱ्हाइकाच्या खात्यावर मूळ बिल दिसत राहते, त्याखाली शिल्लक शून्य. नॅरेशनच्या चौकटीत थोरला लिहील: ‘माझ्या वाट्यातून सोडले.’ आणि धाकट्याला त्या दिवशीचा उतारा पाठवील.